सतरंजी, गोटा आणि वाकळ

रमजानचा चाँद दिसायच्या आठ-दहा दिवस आधी आपल्या वऱ्हाडातल्या मशिदींच्या गच्चीकडे जरा मान वर करून बघा. कठड्यांवर लांबच लांब पट्ट्या वाळत घातलेल्या दिसतील. त्यांना सफ म्हणतात. सफ म्हणजे रांग, आणि रांगेत उभं राहून नमाज पढण्यासाठी जी पट्टी अंथरतात तिलाही सफच म्हणायचं. महिनाभर रात्री तरावीहची लांब नमाज असते, गर्दी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते, म्हणून साठवणीतल्या सगळ्या सफा बाहेर काढून धुतात, झटकतात, उन्हात टाकतात.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या गच्चीवर बहुतेक सुती सतरंज्या असायच्या. निळ्या-पांढऱ्या, लाल-काळ्या पट्ट्यांच्या, कडेला सुताचे गोंडे. आता बहुतेक ठिकाणी यंत्रावर विणलेले मऊ गालिचे आले आहेत, हिरवे नाहीतर मरून. म्हाताऱ्या गुडघ्यांना ते बरे वाटतात हे खरं आहे आणि मी त्यांच्या विरोधात नाही. पण अकोल्याच्या उन्हाळ्यात कृत्रिम धाग्याच्या गालिच्यावर सजद्यात कपाळ टेकवलं की जे वाटतं, ते सुती सतरंजीवर वाटत नसे. वजू करून आलेल्या माणसाच्या पायाचं पाणी सूत टिपून घेतं. गालिचा ते तसंच धरून बसतो.

सतरंजी म्हटलं की वऱ्हाडात अकोटचं नाव निघतं. कापसाची बाजारपेठ असलेल्या या गावात हातमागावर सुती सतरंज्या विणायची जुनी परंपरा. हा शब्द कुणी सात रंगांशी जोडतं, कुणी शतरंजच्या पटाशी. दोन्ही खरं वाटावं असंच तिचं रूप असतं. तिची वीण समजली की नुसत्या पायाखालच्या वस्तूकडे बघायची नजर बदलते. मागावर उभे धागे ताणलेले असतात, आणि आडवा रंगीत धागा त्यांच्यातून खालीवर ओवत नेतात. मग लोखंडी पंजाने तो इतका ठोकून बसवतात, की उभा धागा पार दडून जातो. डोळ्यांना दिसतो तो फक्त आडवा धागा. म्हणून सतरंजीला उलट-सुलट नसते. एक बाजू मळली की पलटून टाका, दुसरीही तितकीच देखणी. विणकराला मागची बाजू लपवायची सोयच नाही.

आणि ही एकच सतरंजी किती ठिकाणी अंथरली गेली आहे! गाडगेबाबांच्या कीर्तनात, तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत, लग्नाच्या पंगतीत, मयताच्या घरी, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि आमच्या मशिदीत. नमाजाच्या जागी सजीवांची चित्रं नकोत, म्हणून मशिदीला पट्ट्यांची सतरंजी सोयीची पडे. कीर्तनाला ती चाले कारण स्वस्त आणि टिकाऊ. विणताना कुणाला ठाऊक नसायचं, ही कोणाच्या अंगणात जाणार आहे.

तिच्यामागची माणसंही अशीच मिसळलेली. कापूस कुणब्याच्या वावरातला. तो पिंजायचा पिंजारी बहुधा मुसलमान, मन्सुरी किंवा नदाफ. त्याच्या पिंजणाचा टंग-टंग आवाज दिवाळीनंतर गल्लीत आला, की आमच्याही आणि शेजारच्या देशमुखांच्याही गाद्या बाहेर यायच्या. विणणारे कोष्टी, साळी, मोमीन. रंगवणारे रंगारी, छापणारे छिपा. एका चादरीत इतक्या जाती-धर्मांचे हात असत, की तिला एकाच कुणाची म्हणणं जमायचं नाही.

आता जरा गाव सोडून लांब जाऊ, कारण जुनी कापडं जमवण्याची गोष्ट एका बाजूने वऱ्हाडच्या कापसाशी येऊन मिळते.

१८६६ साली लंडनमध्ये हिंदुस्थानी कापडाचा एक अजब ग्रंथ निघाला. जॉन फोर्ब्ज वॉटसन हे इंडिया ऑफिसमधले अधिकारी. त्यांनी हिंदुस्थानभरातून आलेलं कापड कापून त्याचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवले. पागोटी, लुगडी, धोतरं, किनारी, मलमल, सगळं. असे २० संच केले, त्यातले १३ ब्रिटनमध्ये ठेवले आणि ७ हिंदुस्थानात पाठवले. सुंदर काम आहे, आजही अभ्यासक त्यावर जीव टाकतात. पण हेतू सरळ होता: इथली माणसं काय नेसतात, कोणती किनार त्यांना आवडते, पदर किती लांब लागतो, हे तिकडच्या गिरणीवाल्यांना कळावं आणि त्यांनी तसं कापड काढून इथे विकावं. नमुना घेतला, विणकराचं नाव घेतलं नाही.

तारखा शेजारी ठेवून बघा. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६६ मध्ये हा ग्रंथ. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजाराला जोडणारा रेल्वेचा फाटा, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. गाठी त्या फाट्याने मुंबईकडे गेल्या आणि कापड होऊन उलट आले. संग्रह करणं ही नेहमीच निरागस गोष्ट नसते, एवढंच मला यातून दाखवायचं आहे. कोण जमवतो आणि कशासाठी, हे विचारावंच लागतं.

त्याच्या अगदी उलटा माणूस पुण्याचा. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचं वेड लागलं आणि ९४ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत ते सुटलं नाही. राजांच्या तलवारींपेक्षा त्यांचा जीव जडला तो अडकित्ते, वज्री, दिवे, फण्या, दरवाजे, ताटं-वाट्या आणि कापडांवर. बायकोची, कमलाबाईंची, साथ होती. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय झालं आणि पुढे सगळं शासनाला देऊन टाकलं. सुमारे २०,००० वस्तू. पुण्याला गेलात तर शनिवारवाड्यासोबत शुक्रवार पेठेतलं हे घरही बघा. त्याच काळात जपानमध्ये यानागी सोएत्सु साध्या माणसांच्या मातीच्या भांड्यांमागे आणि गोधड्यांमागे फिरत होते. त्यांनी १९३६ साली टोकियोत लोककलांचं संग्रहालय उघडलं. दोघांची भेट झाली असती तर भाषा कळली नसती, पण एकमेकांच्या पिशवीत काय आहे ते नक्की कळलं असतं.

आपल्याकडे मात्र जुनं कापड आधी बोहारणीकडे जातं. डोक्यावर भांड्यांचं टोपलं घेऊन ती दारात बसायची, जरीचं लुगडं हातात घेऊन काठ चोळायची, वास घ्यायची आणि म्हणायची, “बाई, ह्याच्यात चांदी नाही राह्यली आता.” मग लुगड्याच्या बदल्यात एक स्टीलचा डबा, फार झालं तर पातेलं. तिला दोष देऊ नका, तिचंही पोट होतं. पण ते लुगडं पुढे जाळलं जायचं. जुनी खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक तार, वर सोन्याचा मुलामा. कापड जाळलं की राखेत चांदी उरते. वऱ्हाडातली किती पैठणी आणि किती किनखाब अशी वितळून गेली, त्याचा हिशेब कुणाकडेच नाही.

इथे रमजानची एक गोष्ट सांगते, जी आमच्या बिगरमुस्लिम वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. या महिन्यात बहुतेक मुसलमान घरांत जकातचा हिशेब होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के वाटा गरिबांचा. अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, सतरंज्या, अंथरुणं यांवर जकात नाही, ते गरजेचं सामान. पण आमच्याकडे चालतं त्या हनफी मतानुसार सोनं-चांदी कुठल्याही रूपात असो, हिशेबात येते. दुपट्ट्याला लावलेला खरा गोटा-ठप्पासुद्धा. कापडाला सूट आणि त्याच्यावरच्या चांदीला जकात, इतका बारीक विचार त्यात आहे.

आमच्या नानीजवळ निकाहाचा एक दुपट्टा होता. गर्द लाल, चारी कडांना रुंद खरा गोटा. ती तो कधी ओढत नसे. पण दर रमजानात दागिन्यांच्या हिशेबात ती त्या गोट्याची चांदी धरायची. सोनाराकडून एकदा अंदाज करून घेतला होता, तो आकडा तिला पाठ. घरात तंगीची वर्षं आली. खाला म्हणाली, “अम्मी, गोटा उसवून विकून टाका. ना ओढता, ना पहनता, फुकटची जकात भरता.” हिशेबाने खालाचं बरोबर होतं. नानीने गोटा उसवला नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे माझ्या आठवणीतलीच तीसेक वर्षं, न वापरलेल्या कापडाची जकात भरत राहिली. बोहारीण ज्याला वजनात मोजते आणि फिकह ज्यातली चांदी तेवढी मोजतं, त्याच्यासाठी तिने स्वतःच्या खिशातून दरवर्षी काहीतरी मोजलं. तिला ‘संग्राहक’ हा शब्द कुणी सांगितला असता तर ती हसली असती.

आता तो दुपट्टा आम्हा चार नातींमध्ये आहे. एकीचं म्हणणं, चार तुकडे करून प्रत्येकीने फ्रेम करावेत. माझं म्हणणं, एकीकडे राहू द्या आणि लग्नकार्यात फिरवा. अम्मी म्हणते, “पहले जकात कौन भरेगा ते ठरवा.” अजून ठरलेलं नाही.

धर्माचा नियम आणि विणकराची अक्कल यांची गाठ पडली की काय घडतं, ते बघायचं तर मशरू बघावं. पुरुषांनी अंगाला रेशीम लावू नये असा आमच्याकडे नियम आहे. चार बोटं रुंदीची रेशमी किनार चालते, त्याहून जास्त नाही. मग विणकरांनी असं कापड काढलं, की उभा धागा रेशमी आणि आडवा सुती. वीण सॅटिनची, त्यामुळे रेशीम सगळं वरच्या अंगाला चमकतं आणि कातडीला लागतं ते सूत. नाव ठेवलं मशरू, म्हणजे शरियतला मंजूर. हा पळवाटेचा प्रकार आहे की सुंदर तोडगा, यावर आमच्या घरात वाद होतात. मला तो तोडगाच वाटतो, कारण आपल्या हवेत नुसतं रेशीम घामाने चिकटतं आणि हे चिकटत नाही. गुजरातेत पाटण आणि कच्छमधल्या मांडवीकडे ते अजून विणतात, रेशमाच्या जागी बऱ्याचदा रेयॉन घालून. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, हेही एकेकाळी मशरू आणि हिमरूचं गाव. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर सोबत आले, असं तिथे सांगतात. हिमरू हे किनखाबचं जोड भावंडं: सुती ताण्यावर रेशमी नक्षी, दिसायला राजेशाही, किमतीला जरा हलकं. हातमागावर खरं हिमरू विणणारे आता मोजकेच आहेत. दुकानात ‘हिमरू’ म्हणून मिळणारं बरंचसं कापड यंत्रमागावरचं असतं.

कसं ओळखायचं? कापड उलटं करा. जुन्या जाणत्या बाया दुकानात हेच करायच्या आणि दुकानदार कपाळाला आठ्या घालायचा. हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर उलट्या बाजूनेही जवळपास सुलट्यासारखाच स्वच्छ दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरून शेजाऱ्याला कडी घालतो. यंत्राच्या नकलेत मागे लोंबते धागे असतात, नाहीतर त्यांवर जाळी लावलेली असते. काठाची कड बघा, हाताने विणलेल्यात किंचित कमीजास्त असतेच.

हे सगळं झालं पैशाच्या कापडाचं. माझा खरा जीव आहे वाकळीवर. आपल्याकडे खेड्यात ‘वाकय’ म्हणतात, पश्चिमेकडे गोधडी, आमच्या घरांत कथडी. जुनी लुगडी, धोतरं, ओढण्या, शाळेचे गणवेश एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेल्या. बंगालमध्ये हिलाच कांथा म्हणतात आणि गुरुसदय दत्त नावाच्या सनदी अधिकाऱ्याने शंभरेक वर्षांपूर्वी ती जमवली, म्हणून आज ती संग्रहालयात काचेमागे आहे. आपल्या वाकळीला असा कुणी भेटला नाही. ती गोठ्यात गेली, गाडीच्या बैलांवर पडली, शेवटी पोतेरं झाली.

पण या चिंध्यांची इज्जत मोठी आहे. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्यांचाच पोशाख घालत, लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. सूफी फकिरांचा ठिगळांचा झगा असतो, त्याला मुरक्का म्हणतात, म्हणजे ठिगळं जोडलेला. गंमत अशी, की मोगल बादशहा निवडक चित्रं आणि सुलेखनाची पानं जोडून जो संग्रह बांधून घेत, त्या चित्रसंग्रहालाही मुरक्काच म्हणत. फकिराची झोळी आणि बादशहाचा संग्रह एकाच शब्दात! अमरावतीच्या रस्त्यांवरून झाडू घेऊन फिरलेल्या माणसाच्या अंगावर जे होतं, त्याचं नाव फारसी दरबारात सोन्याच्या पानांना दिलं जात होतं.

जमवण्याची हौस असणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींसाठी एक-दोन गोष्टी, जरा कडक वाटल्या तरी.

पोहरादेवीच्या यात्रेत, आणि वाशीम-यवतमाळच्या तांड्यांवर, बंजारा बायांचं भरतकाम बघून वेड लागतं. कवड्या, आरसे, भौमितिक टाके. पाण्याचा घडा डोक्यावर घेताना चुंबळीवर जो भरलेला चौकोन लावतात, त्यात एका बाईचे कित्येक महिने गेलेले असतात. परदेशी संग्राहकांनी त्याची पुस्तकं काढली, दिवाणखान्यात टांगलं. व्यापाऱ्यांनी जुन्या काचोळ्या आणि घागरे कापून पिशव्या नि उशांचे अभ्रे केले, ते गोव्याच्या बाजारात मिळतात. अशी कापलेली वस्तू घेऊ नका. तुम्ही घेता म्हणून पुढची कापली जाते. घ्यायचीच तर जिवंत बाईकडून, तिने आज भरलेली घ्या आणि तिने सांगितलेल्या भावाला हसू नका.

आणि मेळघाटात कोरकूंनी गेलेल्या माणसाच्या नावाने उभे केलेले कोरीव लाकडी खांब असतात, सूर्य-चंद्र, घोड्यावरचा स्वार. कुणी ‘अँटिक’ म्हणून विकायला आणलं तर हात लावू नका. ती कुणाची तरी कबर आहे. कायद्याचंही भान ठेवा: शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परस्पर देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे.

घरात जे आहे ते सांभाळणं मात्र कुणालाही जमतं. ईदच्या आधी पेट्या उघडणारच आहात, तेव्हाच करा. जुनं रेशीम प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट होऊन बुरशी धरते. धुतलेल्या, खळ नसलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळा. शक्य असेल तर घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवा. घडी घालायचीच तर दर वर्षी वेगळ्या जागी, नाहीतर त्याच रेषेवर कापड चिरतं. डांबराच्या गोळ्या जरीला भिडू देऊ नका. त्यापेक्षा सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत. ऊन दाखवायचं ते सतरंजी-वाकळीला, रेशमाला नुसती हवा. लाकडी कपाटाच्या फळीवर थेट कापड नको, मध्ये सुती पंचा अंथरा. अत्तर लावून जुना दुपट्टा ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे, ती सोडा. डाग पडतो आणि तो निघत नाही.

नवं घेणार असाल तर नागपूर-भंडाऱ्याची टसरची करवतकाठी एकदा हातात धरून बघा. काठाला करवतीचे दात, कोष्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विणलेले. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मशिदीच्या किंवा मंडळाच्या विश्वस्तांपैकी कुणी हे वाचत असेल तर यंदा एक तरी सुती सफ, एक तरी सतरंजी हातमागाची मागवून बघा. विणकराला एका दुपट्ट्याच्या कौतुकापेक्षा वीस हातांच्या ऑर्डरचा उपयोग जास्त.

आणि जे काही ठेवाल त्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. कुणाचं, कुठल्या गावचं, कुणी विणलं किंवा शिवलं, कोणत्या लग्नातलं, कुणी कुणाला दिलं. नानी, आजी जिवंत आहे तोवर तिला इफ्तारनंतर निवांत बसवून विचारा, नाहीतर पेटीत कापड राहतं आणि नाव जातं. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीत कापडावर उतरते.